झाकणावरचा चमचा

त्या बुधवारी आमच्या घरात दूध तीन वेळा तापलं, कुंड्यांना दोनदा पाणी घातलं गेलं, निहारने स्वतःहून दोनदा दात घासले (हा चमत्कार त्यानंतर पुन्हा घडलेला नाही), आणि आईचं दुपारचं औषध मात्र कोणीच दिलं नाही.

घरात काम करणारे आम्ही तिघं होतो. मी शलाका, वय बारा. माझा धाकटा भाऊ निहार, वय सात. आणि खटपट. खटपट म्हणजे आमच्या वसाहतीने घरकामाला दिलेला यंत्रमानव. त्याचं खरं नाव आकड्यांचं आहे आणि ते कोणाच्याही लक्षात राहत नाही. त्याला दोन लांब हात आणि तीन चाकं आहेत, आणि फरशीचा उंचवटा आला की तो जो आवाज करतो, त्यावरून निहारने त्याचं बारसं केलं.

आम्ही तिघंही दिवसभर राबत होतो. एकानेही आळस केला नव्हता. एरवी आई हे सगळं एकटी करते, आणि ते करून वर पवनचक्क्यांच्या कामावर जाते. मग जे एका माणसाला जमतं, ते तिघांना मिळून का जमू नये? हे कोडं मला त्या दिवशी पडलं, आणि ते लवकर सुटणं फार गरजेचं होतं. का, ते सांगते.

आमची वसाहत साताऱ्याच्या वरच्या अंगाला, पठारावर आहे. इथे दोनशे पवनचक्क्या आहेत, आणि त्यांची देखभाल करणाऱ्यांची प्रमुख माझी आई, वृंदा. त्या वर्षी वसाहतीत पठारताप नावाचा एक नवा ताप आला होता. वसाहतीत सगळ्यात आधी तो निहारला झाला, दुसऱ्या दिवशी मला. आई पाच दिवस आमच्या उशाशी होती. मला आठवतं, मी डोळे उघडले की ती बसल्या बसल्या डुलक्या घेत असायची, पण तिचा हात माझ्या कपाळावर असायचा. आम्ही बरे झालो आणि तीच आडवी पडली.

डॉक्टर अनघा रसाळ साताऱ्याहून पडद्यावर आल्या आणि त्यांनी नीट समजावलं. "तुम्हा दोघांच्या रक्तात आता या तापाची प्रतिपिंडं तयार झाली आहेत." प्रतिपिंडं (एकदा येऊन गेलेल्या रोगजंतूला ओळखून त्याला अडवणारी रक्तातली प्रथिनं) आमच्यात होती, म्हणून आम्हाला आईजवळ जायला हरकत नव्हती. पण ज्यांना हा ताप अजून झालेला नाही, त्यांनी शनिवारपर्यंत आमच्या घरात पाऊल टाकायचं नव्हतं. मोठ्या माणसांना तो फार कडक चढतो. बाबा समुद्रातल्या तारा टाकणाऱ्या जहाजावर होते, ते रविवारी पोचणार होते. म्हणजे अख्ख्या पठारावर आईजवळ जाऊ शकतील अशी माणसं दोनच, आणि त्यातल्या एकाचे पुढचे दोन दात पडलेले.

खटपटला ताप येत नाही हे खरं. पण यंत्रमानवाने माणसाला औषध द्यायचं नाही, असा कायदाच आहे.

"काही अवघड नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "औषध दिवसातून तीनदा. आठ, दोन, आठ. चुकवायचं नाही आणि दोनदा तर मुळीच द्यायचं नाही. आणि मीठ-साखरेचं पाणी भरपूर. तिच्या मनगटपट्टीवरून मला इथे सगळं दिसेल."

मनगटपट्टी (अंगाचा ताप, नाडी आणि शरीरातलं पाणी मोजून डॉक्टरांना कळवणारी पट्टी) आईच्या हातावर हिरवी चमकत होती. मी मान डोलावली. मला खरोखरच ते अवघड वाटलं नव्हतं.

मी यादी केली. बावीस कामं, सुवाच्य अक्षरात, स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली. काम झालं की त्यापुढे बरोबरची खूण करायची, एवढाच नियम. दुपारी चार वाजता आईची मनगटपट्टी लाल झाली आणि डॉक्टर पडद्यावर आल्या.

"ताप एकशे तीनच्या वर गेलाय. दोनचं औषध कोणी दिलं?"

मी निहारकडे बघितलं. निहारने माझ्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनी खटपटकडे बघितलं.

"औषध देण्याची मला परवानगी नाही," खटपट म्हणाला. "यादीत मात्र दोनच्या औषधापुढे बरोबरची खूण आहे."

खूण होती. मी ती पाहिली होती, म्हणूनच मी औषध दिलं नव्हतं. ती निहारने केली होती. त्याने सकाळी सव्वाआठला बावीसच्या बावीस कामांपुढे खुणा करून टाकल्या होत्या.

"निहार! न करता खुणा कशाला केल्यास?"

"करणारच होतो ना!" तो रडकुंडीला आला. "आणि मला वाटलं औषध ताईच देते. तीच मोठी आहे."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आत्ता लगेच औषध दे. पुढचं मात्र दहाला, आजच्यापुरतं. उद्या सकाळपासून पुन्हा ठरलेल्या वेळा. उद्या संध्याकाळी सहाला मी बघेन. ताप एकशे एकच्या खाली आणि अंगात पाणी पुरेसं असेल तर तिला घरीच राहू दे. नसेल तर मी तिला खाली दवाखान्यात हलवणार. तिथे मुलांना आत सोडत नाहीत, हे आधीच सांगून ठेवते."

आई हे ऐकत होती. तिचे ओठ सुकले होते. ती हळूच म्हणाली, "मुलांना काही बोलू नका हं, डॉक्टर. दमलीत ती."

मी औषध दिलं आणि मागच्या अंगणात जाऊन हमसून हमसून रडले.

"किती वेळ चालेल हे?" कुंपणापलीकडून आवाज आला. "नाही, म्हणजे वेळ लागणार असेल तर मी तोवर चहा टाकून येतो."

ते तांबोळी आजोबा होते, आमचे शेजारी. डॉक्टर नझीर तांबोळी. पण ते माणसांचे डॉक्टर नव्हेत. पंचेचाळीस वर्षं त्यांनी मुंग्यांचा अभ्यास केलाय, आणि आता ते आईच्या पवनचक्क्यांसाठी छोटी यंत्रं बनवतात. त्यांना ताप झालेला नव्हता, म्हणून ते त्या दिवसांत कुंपणापासून दहा पावलं लांब घडीची खुर्ची टाकून बसायचे आणि तिथूनच आमची विचारपूस करायचे.

मी त्यांना सगळं सांगितलं. दूध, कुंड्या, यादी, खुणा, उद्याची सहाची वेळ, सगळं. तोवर निहारही नाक ओढत येऊन उभा राहिला.

"हं," आजोबा म्हणाले. "म्हणजे तुमच्याकडे तीन कामकरी आहेत आणि एक यादी. माझ्याकडे चाळीस कामकरी आहेत आणि एकालाही यादी दिलेली नाही. आणि पातं कसं लख्ख होतं ते तुझ्या आईला विचार."

त्यांनी शेजारचा पत्र्याचा डबा उघडून आमच्याकडे कलता केला. आत काडेपेटीएवढाले काळे मुंगळे होते. म्हणजे यंत्रमुंगळे. पवनचक्कीच्या पात्यावर धूळ आणि मेलेले किडे बसले की वीज कमी तयार होते. हे चाळीस मुंगळे पात्यावर सोडले की ते खरवडून खरवडून ते साफ करतात.

"मग त्यांना सांगतं कोण, की तू इकडे जा, तू तिकडे?" निहारने विचारलं.

"कोणीच नाही."

"मग ते एकमेकांशी बोलत असतील."

"एक अक्षर नाही. त्यांना तोंडही नाही आणि कानही नाहीत. आता तूच सांग, कसं होत असेल? नाही सांगता येत? मग त्या खांबाकडे बघ. मघाशी तुम्ही अंगणात नसताना मी तिथे गुळाचा खडा ठेवलाय."

कुंपणाच्या खांबावरून खऱ्या मुंग्यांची रांग चालली होती. आजोबांनी निहारला रांगेच्या मध्ये बोट आडवं फिरवायला सांगितलं, मुंग्या चिरडू न देता. निहारने बोट फिरवलं आणि गंमतच झाली. बोट फिरलं तिथपर्यंत येऊन मुंग्या थबकल्या. इकडे वळल्या, तिकडे वळल्या, काही माघारी गेल्या. खांब तोच होता, गूळही जागच्या जागी होता.

"त्याने काय पुसलं?" आजोबांनी मला विचारलं.

"वास?"

"शाब्बास. गूळ सापडलेली मुंगी घरी परतताना जमिनीवर गंधद्रव्य (स्वतःच्या अंगातून पाझरणारा, वास असलेला द्रव) लावत जाते. पुढच्या मुंगीला ना नकाशा माहीत, ना गूळ कुठे आहे ते. तिला फक्त पायाखालचा वास कळतो. ती त्या वासावरून जाते, गूळ घेते, आणि येताना आपला थोडा वास लावते. म्हणजे पहिलीने केलेलं कामच दुसरीला पुढचं काम सांगतं. राणी मुंगी असते, पण ती हुकूम देत नाही, अंडी घालते. आम्ही याला खूण-समन्वय म्हणतो. (एकाने कामाच्या जागी ठेवलेल्या खुणेवरून दुसऱ्याला पुढचं काम कळणं.) माझे मुंगळेही तसंच करतात. खरवडलेल्या जागी एक द्रव लावतात. दुसरा मुंगळा तिथे आला की त्याला कळतं, इथे काम झालंय, पुढे सरक."

"पण आमच्याही यादीत खुणाच होत्या," मी म्हणाले.

"होत्या ना. पण कुठे? यादी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणि औषध आईच्या उशाशी. काम एकीकडे, खूण दुसरीकडे. म्हणून न करताही खूण करता आली. मुंगीला असं करताच येत नाही. ती चालली तरच वास उमटतो." त्यांनी निहारकडे बघून डोळे मिचकावले. "निहारराव, तुमचा दोष नाही. यादीचा आहे."

निहारने पहिल्यांदाच नाकातलं पाणी आत ओढण्याऐवजी रुमालाने पुसलं.

"मला नवल वाटतं ते निराळ्याच गोष्टीचं," आजोबा पुढे म्हणाले. "ही युक्ती मी तुम्हाला शिकवायची? तुमची आई पवनचक्कीवर चढते तेव्हा खाली बटणावर स्वतःच्या नावाची लाल पाटी अडकवते. पाटी आहे म्हणजे वर माणूस आहे, चक्की सुरू करायची नाही. खाली उतरली की तीच काढते. दुसऱ्या कोणी त्या पाटीला हात लावला तर ती कशी तापते हे मी पाहिलंय! अशी बाई घरात खुणा ठेवत नसेल?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. मला चमचा आठवला.

आई रोज सकाळी दूध तापवते आणि झाकणावर एक चमचा आडवा ठेवून देते. मला वाटायचं, ती विसरते. मला पसारा आवडत नाही. मी रोज तो चमचा उचलून धुवायला टाकायचे आणि मनातल्या मनात म्हणायचे, ही आई म्हणजे ना!

मी धावत आत गेले. आई जागी होती.

"आई, दुधाच्या झाकणावर चमचा कशाला ठेवतेस?"

"तापलंय म्हणून," ती म्हणाली. तिला बोलायला कष्ट पडत होते. "बाबा उठले की पुन्हा तापवायचे. सांगायला मी घरात नसायचे."

"आणि गाळणीपाशी तांब्या पालथा असतो तो?"

"पाणी भरलंय."

"आणि दारातल्या चपला? कधी टोकं बाहेर, कधी आत?"

"बाहेर म्हणजे मला अजून एकदा वर जायचंय. आत म्हणजे आजचं झालं." ती जरा हसली. "तुम्ही त्या बघून खेळायला जायचं की नाही, ते ठरवायचात. तुम्हाला कळायचं नाही, पण ठरवायचात."

ते खरं होतं. चपला आत वळलेल्या दिसल्या की आम्ही घरी थांबायचो. का थांबतो, हे मी कधी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

"पण मी तो चमचा रोज उचलत होते. तू एकदाही काही बोलली नाहीस."

"तू आवरत होतीस गं. चांगलंच काम करत होतीस. मी दुसरा ठेवायचे."

मला वाटत होतं, आई सगळं एकटी करते आणि तिच्या डोक्यात एक भलीमोठी यादी असते. तसं नव्हतं. ती आम्हा सगळ्यांना कामात घेत होती, घरभर खुणा पेरत होती, आणि मी तिच्यामागून त्या पुसत हिंडत होते. मला त्या क्षणी आईबद्दल इतकं प्रेम वाटलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली, की मी तिच्या पांघरुणात तोंड खुपसलं. निहारने मागून विचारलं, "ताई, आता परत रडणार आहेस का? मी आजोबांना चहा टाकायला सांगू?"

यादी आम्ही फाडून टाकली. गुरुवारी सकाळी घर खुणांनी भरलं. दूध तापलं की झाकणावर चमचा. झाडून झालं की केरसुणी आडवी. आईच्या खिडकीत मीठ-साखरेच्या पाण्याची आठ फुलपात्रं ओळीने भरून ठेवली. तिने एक संपवलं की ते पालथं घालायचं. औषधाच्या बाटलीशेजारी मोजायचं छोटं भांडं, औषध दिलं की तेही पालथं. खटपटला सांगितलं की खूण दिसली तर ते काम करू नकोस. तो म्हणाला, "समजलं. मला प्रश्न कमी विचारावे लागतील. धन्यवाद."

आणि डॉक्टरांनी सांगितली होती ती कपाळावरची ओल्या कापडाची पट्टी. कोमट पाण्यात भिजवून पिळायची आणि कपाळावर ठेवायची. ती वाळली की पुन्हा भिजवायची. हे काम निहारचं अत्यंत आवडतं होतं, कारण त्यात पाणी होतं.

आठचं औषध मी दिलं. सकाळभर घर असं चाललं की मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. मी पालथी फुलपात्रं मोजायचे आणि पुढचं पाणी पाजायचे. खटपटने चमचा पाहून दुधाला हात लावला नाही. निहारने आडवी केरसुणी पाहून झाडण्याचा विचार सोडून दिला, तो तसाही त्याने केला नसता.

दोन वाजून वीस मिनिटांनी मी पेज घेऊन आईच्या खोलीत गेले. बाटलीशेजारचं भांडं पालथं होतं. निहारने औषध दिलेलं दिसतंय, मी म्हटलं, गुणी बाळ. आई गुंगीत होती. मी पेज ठेवली, आणि जाता जाता पट्टीला हात लावला.

पट्टी कोरडी होती. नुसती कोरडी नाही, कडक झाली होती.

मी थांबले. निहार या खोलीत आला आणि त्याने पट्टी भिजवली नाही, असं होणं शक्य नव्हतं. बादली दिसली की त्याचे हात शिवशिवतात. म्हणजे निहार इथे बऱ्याच वेळात आलेला नाही. मग औषध?

"निहार! दोनचं औषध दिलंस?"

"नाही," तो दारातून म्हणाला. "मी दाराशी आलो होतो. भांडं पालथं दिसलं. मला वाटलं, तू दिलंस. म्हणून गेलो."

ते भांडं मीच पालथं घातलं होतं, सकाळी आठ वाजता. तेव्हापासून ते तसंच होतं.

मी निहारला तिथे उभं करून त्याच्यासमोर औषध मोजलं आणि आईला पाजलं. वीस-पंचवीस मिनिटंच उशीर झाला होता, पण झाला होता. आम्ही दोघं अंगणात धावलो. आजोबा खुर्चीत होतेच.

"माझी एक गोष्ट सांगायची राहिली," सगळं ऐकल्यावर ते म्हणाले आणि त्यांनी कानाची पाळी धरली. "माफ करा रे मुलांनो. चूक माझी. मुंगीचा वास उडून जातो. बाष्पीभवन (द्रवाची हळूहळू वाफ होऊन तो हवेत निघून जाणं) होतं त्याचं. गूळ संपला की नव्या मुंग्या वास लावत नाहीत, जुना उडतो आणि रांग आपोआप मोडते. वास कायमचा राहिला असता तर बिचाऱ्या संपलेल्या गुळाकडे वर्षभर चालत राहिल्या असत्या. माझ्या मुंगळ्यांचा द्रवही दहा मिनिटांत वाळतो, मुद्दाम तसा केलाय. कारण धूळ पुन्हा बसते."

"भांडं वाळत नाही," निहार म्हणाला.

"अगदी बरोबर. सकाळची खूण दुपारी पुसली गेली पाहिजे. तुमच्याकडे घड्याळ कोणाचं पक्कं आहे?"

"खटपटचं!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

मग ते काम खटपटला दिलं. दर औषधाच्या एक तास आधी खोलीत यायचं आणि भांडं धुऊन सुलटं ठेवायचं. भांडं सुलटं म्हणजे औषध द्यायचं आहे. त्याला हे काम आवडलं असावं, कारण तो भांडं पुन्हा पुन्हा पुसत होता.

"पण तुम्हाला वाचवलं कोणी, ते आलं का लक्षात?" आजोबांनी विचारलं.

"पट्टीने," मी म्हणाले. "ती वाळते."

"ती मुंगीच्या वासासारखी आपली आपण पुसली जाते. आणि आणखी एक गंमत तिच्यात आहे. कपाळ जितकं तापलेलं तितकं पाणी लवकर उडतं. म्हणजे आईला तुमची गरज जास्त असेल तेव्हा पट्टी तुम्हाला लवकर बोलावेल. अशी खूण मला पंचेचाळीस वर्षांत बनवता आली नाही."

दुपारभर आम्ही पट्टीच्या हुकमात वागलो. जो खोलीवरून जाईल त्याने पट्टीला हात लावायचा. वाळली असेल तर भिजवायची आणि एक फुलपात्र पाजायचं. पट्टी सुरुवातीला वीस-पंचवीस मिनिटांत वाळत होती. खिडकीतली फुलपात्रं एकेक पालथी होत गेली. चार वाजता सहा पालथी होती. पाच वाजता सात.

मग आठवं पाजायची वेळ येईना. मी पाच वाजून दहा मिनिटांनी गेले, पट्टी ओली. वीस मिनिटांनी गेले, ओली. पावणेसहाला निहार पाय आपटत बाहेर आला. त्याचा चेहरा पडला होता.

"ताई, पट्टी बिघडली. ती वाळतच नाहीये. मी तीनदा बघितलं. आता आईला पाणी कधी द्यायचं ते कसं कळणार? सहा वाजायला आलेत आणि आपली खूणच बंद पडली!"

"तू सारखी भिजवतोयस."

"आईशप्पथ नाही. मी बादलीला हातही लावला नाही."

मी खोलीत गेले. पट्टी खरंच ओली होती, आणि कोमटही नव्हती. मी ती उचलली आणि आईच्या कपाळावर हात ठेवला, ती माझ्या कपाळावर ठेवायची तसाच. कपाळ घामाने भिजलं होतं. ते गार होतं.

"निहार," मी म्हणाले, "अरे, पट्टी बिघडलेली नाही."

त्याला समजायला एक क्षण लागला. मग तो असा ओरडला की स्वयंपाकघरात खटपटच्या हातातलं पातेलं पडलं. आईने डोळे उघडले आणि आमच्याकडे बघून, दोन दिवसांत पहिल्यांदाच, नेहमीच्या आवाजात विचारलं, "काय सांडवलंत?"

मी तिला आठवं फुलपात्र दिलं. ते तिने स्वतःच्या हाताने धरलं, संपवलं आणि खिडकीत पालथं घातलं.

सहा वाजता डॉक्टर आल्या तेव्हा आम्ही त्यांना बोलूच दिलं नाही. निहारने थेट सांगितलं, "ताप उतरलाय. पट्टी वाळत नाही." डॉक्टरांनी आकडे बघितले. शंभराच्या थोडा खाली ताप होता आणि अंगात पाणी हवं तितकं. "पट्टी वाळत नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं, आणि मी त्यांना समजावून सांगितलं. ताप उतरताना घाम येतो, कपाळही निवलेलं असतं, म्हणून. त्यांनी आकडे पुन्हा एकदा बघितले. मग म्हणाल्या, "तिला घरीच राहू दे. तुमच्यासारखी माणसं माझ्या दवाखान्यात नाहीत."

तांबोळी आजोबांना ही बातमी अंगणातून ओरडून सांगितली. त्यांनी खुर्चीवरून उठून आम्हाला सलाम केला आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. आता ते म्हणे अशा नव्या मुंगळ्यांवर काम करतायत, जे उंच इमारतींच्या भिंतीवरून चालतील आणि जिथे भेग जास्त तिथे आपोआप जास्त जमतील. द्रव कसा वाळवायचा, हे त्यांना निहारच्या पट्टीवरून सुचलं. मोठेपणी मला त्यांच्याबरोबर काम करायचंय. निहारला बादल्यांचं काम करायचंय, ते काय असतं हे त्यालाही अजून ठरवता आलेलं नाही.

रविवारी बाबा येणार होते. त्या सकाळी मी लवकर उठले, दूध तापवलं आणि कुंड्यांकडे गेले. परत आले तर आई स्वयंपाकघरात उभी होती. अंगावर शाल होती आणि ती भिंतीला टेकली होती, पण आपल्या पायांवर उभी होती. सवयीने तिने शेगडीकडे हात नेला. मग तिला झाकणावरचा चमचा दिसला.

तिने हात मागे घेतला. खुर्ची ओढली आणि बसली. इतक्या वर्षांत मी तिला सकाळी त्या खुर्चीत बसलेलं पाहिलं नव्हतं.

"आई," मी म्हणाले, "आम्ही आजारी होतो तेव्हा तू पाच दिवस झोपली नाहीस. आणि मी तुझे चमचे उचलत होते. मला तुला थँक्यू म्हणायचंय. आणि तो चमचा मी पुन्हा कधी उचलणार नाही."

"उचल की," आई म्हणाली आणि तिने मला जवळ ओढलं. "दूध संपल्यावर."

मी चहा टाकला. बाहेर दोनशे पवनचक्क्या फिरत होत्या. दारात आईच्या चपला होत्या, इतके दिवस धूळ खात पडलेल्या. निहारने त्या पुसून ठेवल्या होत्या, टोकं आत वळवून, आणि आईने त्या दिवशी त्या तशाच राहू दिल्या.